ताकद शेवटी

आमचे घरमालक, सगळे त्यांना मामा म्हणत, पहिल्यांदा माझ्या खोलीवर आले ते तक्रार घेऊनच आले. रविवारची दुपार होती, खालच्या शेडमधले माग सुट्टीमुळे बंद होते, आणि मी टीव्हीला गेमचं मशीन जोडून शर्यतीची गाडी पळवत बसलो होतो. आवाज मोठा. दार वाजल्यावर आता बोलणी खावी लागणार, हे धरूनच मी उठलो. दारात मामा उभे. लुंगी, बंडी, बंडीच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर.

"मास्तर, ते काय वाजायलंय?"

"गेम आहे मामा. लगेच आवाज कमी करतो."

"आवाजाचं न्हाई हो. गिअर लई उशिरा टाकायलाव तुमी. इंजिन रडायलंय निस्तं. खाली घास उतरंना मला."

आता मी नोकरीला कुठे, तर इंजिनिअरिंग कॉलेजात. शिकवायचो काय, तर ऑटोमोबाइल. गिअरवरचा धडा चार वर्षं मी घडाघडा बोलत होतो. आणि ज्या माणसानं पडदा पाहिला नव्हता, जो खालच्या मजल्यावर कडक भाकरी मोडत बसला होता, तो मला सांगत होता की मी गिअर उशिरा टाकतो. मी खोलीत परत येऊन मुकाट्यानं लवकर टाकून पाहिला. गाडी आधीपेक्षा बरी पळाली. तेव्हापासून या माणसाशी वाद घालायचा नाही, असा मी कानाला खडा लावला. तो टिकला नाही, हा भाग वेगळा.

मी मास्तर नव्हे, प्राध्यापक आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. "म्हंजे मास्तरच की," ते म्हणाले. विषय संपला.

मामा तेलुगू विणकर घरातले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या शेडमध्ये जॉबर म्हणून काढली. जॉबर म्हणजे मागांचा मिस्त्री. बिघडलेला माग दुरुस्त करायचा, आणि चालणारा माग आणखी चांगला चालावा म्हणून 'लावायचा'. लावणं हा मामांचा आवडता शब्द. पुढे त्यांनी स्वतःचे आठ माग टाकले, टॉवेलचे, जुन्या पद्धतीचे, धोटा इकडून तिकडे खटाखट मारणारे. खाली शेड, पहिल्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड आणि त्यावर माझी खोली. मी अकलूजचा. उसाच्या गावात वाढलेल्या माणसाला आठ मागांच्या डोक्यावर झोप लागणं अवघड. पहिला महिना मी नुसता कुशी बदलत होतो. मामांना सांगितलं तर म्हणाले, "तिसऱ्या मागाचा त्रास होत आसंल तुमाला. त्यो जरा आडमुठा हाय." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच तो तिसरा माग खोलला.

त्यांना जग कानानं कळायचं. एकदा आम्ही रिक्षातून स्टेशनला निघालो होतो, तर यांनी मागे बसल्या बसल्या रिक्षावाल्याला प्लग साफ करायला सांगितलं. तो गप्प. यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यानं आम्हाला भर रस्त्यात उतरवलं. मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा वाजता पायी चालणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. मी घामानं निथळत होतो, आणि मामा मला समजावत होते की तो रिक्षावाला मनानं चांगला आहे, फक्त त्याला ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट दुधनी गावातल्या एका लग्नातली. त्यांच्या मित्राच्या मुलीचं गोरज मुहूर्ताचं लग्न. मंगलाष्टका रंगात आलेल्या, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आणि मामांचं लक्ष मांडवामागच्या जनरेटरकडे. शेवटचं 'सावधान' व्हायच्या आत मांडवातले सगळे दिवे गेले. अंधारात कुणी अक्षता नवऱ्यावर टाकल्या, कुणी भटजींवर. पाच मिनिटांनी दिवे आले आणि पाठोपाठ मामा आले, दोन्ही हात काळे करून. मुलीचा काका अंगावर धावून गेला, तर हे शांतपणे म्हणाले, "पट्ट्याला ढील हुती. तुटला आसता तर रातभर अंधारात जेवला आसता तुमी."

ढील म्हणजे सैलपणा. हा शब्द त्यांच्या तोंडी शिवीसारखा यायचा. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, हजारो धागे असतात, ते सगळे सारख्या ताणात हवेत. मामा तळहाताची मागची बाजू त्या धाग्यांवरून फिरवायचे आणि डोळे मिटून कुठे ढील आहे ते सांगायचे. ढील असली की कापडाला झोळ येतो. मग तो टॉवेल कितीही धुवा, इस्त्री करा, झोळ राहतोच. माणसांनाही ते याच मापानं मोजायचे. आमच्या गल्लीतल्या एका पुढाऱ्याबद्दल ते इतकंच म्हणायचे की याच्या ताण्याला ढील आहे.

तर असा माणूस माझ्या खोलीत गेम पाहायला यायला लागला. येताना मामींनाही आणायचा. मामी कोपऱ्यात सुपात शेंगा घेऊन सोलत बसायच्या आणि आमच्याकडे, दोन मोठे पुरुष भिंतीशी खेळतायत, अशा नजरेनं पाहायच्या. मामांनी पहिल्या दिवशी टीव्हीच्या पाठीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून मूठ कानाला लावली आणि बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "आत काय न्हाई. समदं वरवरचंच हाय." तरी ते दर रविवारी येत राहिले.

त्या गेममध्ये सुरुवातीला एक गाडी फुकट मिळते. गोल दिव्यांची, दोन दारांची, मळकट पिवळी. थोडा वेग घेतला की थरथरते. सगळेजण पहिल्या एकदोन शर्यती तिच्यावर काढतात आणि बरी गाडी मिळाली की तिला गॅरेजात टाकून विसरतात. मीही विसरलो होतो. मामांना ती यादीत तळाला दिसली.

"हिला काय झालंय?"

"काही नाही. हळू आहे."

"हळू हाय म्हंजे काय, मास्तर? लावली न्हाई म्हना की."

आणि तिथून तो खटारा मामांचा झाला. दुसऱ्या कुठल्याही गाडीला त्यांनी हात लावला नाही. हातातल्या कंट्रोलरला ते 'हँडल' म्हणत. मागाला चालू-बंद करायचं हँडल असतं, तोच शब्द. वळण आलं की स्वतःही वळत आणि गाडीला तेलुगूतून सांगत, "मेल्लगा, मेल्लगा." हळू, हळू. शर्यतीच्या गेममध्ये गाडीला हळू जायला सांगणारा मी पाहिलेला हा एकमेव खेळाडू.

खटाऱ्यात सुधारणा करायच्या म्हटल्यावर मी माझं ज्ञान पाजळलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा पहिल्याच झटक्यात टर्बो बसवून दिला. गाडी सुसाट निघाली आणि पहिल्या वळणावर सरळ भिंतीत गेली. मामांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. उघडल्यावर म्हणाले, "काढा त्ये. ताकद शेवटी द्यायची. आधी वजन, मग पकड, मग थांबणं. ज्याला थांबता येत न्हाई त्याला पळवून काय करताव?"

वजन कमी करायचं म्हणजे गेम गाडीतून मागची सीट काढून टाकतो. हे कळल्यावर मामा अडले. "मग हिला कुटं बसवू?" त्यांनी मामींकडे बोट केलं. मामी म्हणाल्या, "मी न्हाई येत त्या डबड्यात. काढा." सीट निघाली. मग टायर बदलले. मग ब्रेक. सगळं एकेक. एक गोष्ट बदलायची, तीन फेऱ्या मारायच्या, ऐकायचं, पटलं तर ठेवायचं, नाही पटलं तर परत जागेवर. मी एकदम चार आकडे बदलायला गेलो की माझा हात धरायचे. "येका वेळी येकच नट, मास्तर. चार फिरवले तर कुनामुळं सुदारलं त्ये कळणार कसं?" नोंद म्हणून ते माझ्या खोलीच्या भिंतीवर खडूनं खुणा करत. भाडेकरूनं असं केलं असतं तर घराबाहेर काढलं असतं. पण भिंत त्यांचीच होती.

लाज वाटते सांगायला, पण यातलं एकूणएक मी वर्गात शिकवत होतो. वजन आणि ताकद यांचं गुणोत्तर, ब्रेकचा समतोल, सगळं फळ्यावर व्यवस्थित. पुराणातली वांगी पुराणात. त्या खोलीत, त्या पिवळ्या डबड्यापायी मला माझा विषय पहिल्यांदा कळला. पुढच्या सत्रात मी पहिल्या तासाला फळ्यावर 'ताकद शेवटी' असं लिहिलं. पोरं हसली. पण नंतर बरीचशी ऐकायला लागली.

मामांची चूक मात्र एक झाली, आणि ती दुसरा कुणी करूच शकला नसता. गिअर लावायची पाळी आली तेव्हा त्यांनी ते असे लावले की इंजिनचा आवाज कुठेही चढू नये, कुठेही पडू नये, एका सुरात चालावा. महिनाभर त्यावर कष्ट घेतले. आवाज खरंच सुरेख लागला, डोळे मिटून ऐकत बसावं असा. आणि गाडी सगळ्यात शेवटी यायला लागली. चढावर मरायची आणि सरळ रस्त्यावर तिचा वेगच संपायचा. मामा चक्रावले. एका रविवारी शेंगा खाता खाता थांबले आणि स्वतःशीच हसले. "मागाला वळण नसतंय, मास्तर. चढ नसतोय. त्यो जल्मभर येकाच चालीनं चालतोय. मी हिचा माग करायलो हुतो." भिंतीवरच्या महिनाभराच्या खुणा त्यांनी लुंगीच्या सोग्यानं पुसल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. साठीत इतक्या सहज पुसता येणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

आता त्यांच्या मुलाबद्दल सांगायला हवं, कारण खरी गाठ तिथे होती. एकुलता एक मुलगा, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा. वस्त्रोद्योगाचा डिप्लोमा केलेला, शेड तोच सांभाळायचा. वडिलांना 'नाना' म्हणायचा आणि मला 'सर'. त्याचं म्हणणं साधं होतं. शेजारच्या शेडमध्ये बिनधोट्याचे नवे माग आले होते, ते झपाट्यानं माल काढत होते. आपले आठ माग मोडीत काढू, त्यांच्या जागी दोन नवे आणू. मामा म्हणायचे, माझे माग लावलेले आहेत, त्यांना काय धाड भरलीय? दोन वर्षं हे चाललेलं. भांडण कधी झालं नाही. मुलगा विषय काढायचा, मामा उठून शेडमध्ये जायचे, आणि मुलगा गप्प बसायचा.

तोही रविवारी वर यायचा. त्याची गाडी गेममधली सगळ्यात दांडगी, काळीकुळकुळीत. हात सफाईचा. मला तर तो चुटकीसरशी हरवायचा.

एका रविवारी मामा खटाऱ्याच्या टायरमधली हवा कमीजास्त करत बसले होते, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं. "नाना, शंभर येळा लावला तरी खटारा खटाराच राहतोय. हितं बी आनि खाली बी."

मामींचे शेंगा सोलणारे हात थांबले. मामांनी हँडल खाली ठेवलं.

"मग हिच्यावरच ठरवू," ते म्हणाले. "पाच फेऱ्या. घाटाचा रस्ता. खटारा म्होरं आला, तर मी हाय तवर मागाला हात लावायचा न्हाई. मागं पडला, तर घेऊन जा माग. मी तोंड उघडणार न्हाई. मास्तर साक्षीला हायेत."

मुलगा नको नको म्हणाला. मीही म्हणालो, गेमवर कुठे असलं ठरवतात का? मामा म्हणाले, "मग कशावर ठरवू? बोलून तर दोन वर्सं झाली."

शर्यत सुरू झाली. पडद्याचे दोन भाग, वर मुलगा, खाली मामा. सरळ रस्त्यावर काळी गाडी दिसेनाशी व्हायची आणि वळणावळणाच्या उतारावर खटारा तिला पुन्हा गाठायचा. एवढे दिवस लावलेली ती पकड, ते थांबणं, सगळं आता कामाला येत होतं. मामा 'मेल्लगा' म्हणायचंही विसरले होते. मी कुणाच्या बाजूनं होतो ते मला आजही सांगता येणार नाही. आठ माग राहावेत असं वाटत होतं आणि त्या गप्प बसणाऱ्या मुलाचंही वाईट वाटत होतं. पाचव्या फेरीत शेवटच्या वळणावर खटारा आतल्या बाजूनं घुसला आणि पुढे निघाला. पुढे फक्त सरळ पट्टी. तिथे काळ्या गाडीनं त्याला सहज ओलांडायला हवं होतं. ती जवळ आली, अगदी चाकाला चाक लागलं, आणि तिथेच राहिली. खटारा बॉनेटभर अंतरानं जिंकला.

मी टाळ्या वाजवल्या. मामी हसल्या. मुलगाही हसला आणि म्हणाला, "जिंकला नाना. राहिले माग."

मामा हसले नाहीत. "शेवटाला तुझ्या गाडीचा आवाज पडला."

"गिअर चुकला."

"गिअर चुकला की इंजिन जड वाजतंय. हे मोकळं वाजलं." मग ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी शिकीवताव. गिअर चुकल्यावर आवाज आसा मोकळा पडतोय का?"

मला उत्तर पक्कं माहीत होतं. पोरानं अॅक्सिलरेटरवरचं बोट काढलं होतं. पण एका शब्दावर आठ माग टांगले होते, आणि समोर साठ वर्षांचा माणूस बसला होता, ज्याचं सगळं आयुष्य त्या मागांत गेलं होतं. मी नजर चुकवून म्हणालो, "पडतो कधीकधी."

मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नव्हे. "तुमी बी ढील दिली का मला, मास्तर?"

आयुष्यात मला अनेक जण टाकून बोललेत. त्यातलं काही लक्षात नाही. हे वाक्य आहे.

मुलाची मान खाली गेली. "तुमच्या म्होरं जायला बोट धजंना, नाना."

"आज धजंना का दोन वर्सं धजंना?"

मामा तसेच बसून राहिले. त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता आणि लुंगीवरून मागेपुढे फिरत होता. मग ते तेलुगूत काहीतरी म्हणाले, फक्त त्याच्यासाठी. मला कळलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. मामींनी पदर डोळ्यांना लावला, इतकंच मी पाहिलं. मग मराठीत, माझ्यासाठी म्हणून, "साक्षीदार, लिहून घ्या. खटारा हरला. माग जानार."

माग पुढच्या महिन्यात गेले. मोडवाले घण घेऊन आले होते, त्यांना मामांनी दारातच थांबवलं आणि नऊ दिवस खपून आठही माग स्वतःच्या हातानं खोलले. मी कॉलेजातून आलो की त्यांच्या हाताखाली उभा राहायचो. ते एका शब्दानंही हळहळले नाहीत. मला मात्र नवव्या दिवशी रिकाम्या शेडमध्ये रडू आलं, आणि त्यांनी तेलकट हातानं माझी पाठ थोपटली. नंतर नवे माग आले, माझी बदली झाली, मी सोलापूर सोडलं. त्या खोलीत आता दुसरा कुणी राहतो. भिंतीवरच्या खुणा त्यानं पुसल्या असतील.

पण ती रविवारची दुपार तिथे संपली नव्हती. मी मशीन बंद करायला उठलो तर मामा म्हणाले, "बसा. आजून येक." आणि मुलाच्या हातात त्यांनी हँडल दिलं. "आता खरं चालीव. आनि ह्या खेपेला बोट काढलंस, तर रातच्याला माझ्या पंगतीला बसायचं न्हाई."

पोरानं नाक पुसलं, बाह्या सरसावल्या आणि चालवली. अशी चालवली की मी त्या मशीनवर तसं चालवताना कुणाला पाहिलं नाही. वळणं कापत, उतारावर न कचरता, काळी गाडी पहिल्याच फेरीत इतकी पुढे गेली की खालच्या भागात ती दिसेचना. मी मामांच्या भागाकडे पाहिलं. खटारा रस्ता सोडून गवतात गेला होता आणि तिथे उभा होता. मामांची नजर पडद्याच्या वरच्या भागावर होती. ओठ किंचित उघडे, हँडल मांडीवर. पाच फेऱ्या होईपर्यंत ते तसेच बसले होते. काळ्या गाडीनं शेवटची रेघ ओलांडली.

मामींनी सूप बाजूला सारलं आणि पुढे वाकून पडदा निरखला. त्यांना ते गवत दिसलं असावं.

"अवो, तुमची गाडी कुटं ऱ्हायली?"

मामांनी वरच्या भागाकडे बोट केलं. "ही काय, पोचली की."